घरातला ऑस्कर आणि गावचे पाणी



या अंकात परीक्षेच्या निकालाविषयी चार शब्द लिहावेत असे ठरले होते. पण निकाल फळ्यावर लागला आहे आणि तो सर्वांनी पाहिला आहे. त्याऐवजी आज माशांविषयी लिहिते. हसू नका, हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत यायचा आहे. शाळेच्या एका दानशूर हितचिंतकांनी दर्शनी दालनात चार फुटी फिशटँक स्वखर्चाने बसवून देण्याची इच्छा व्यक्त केली आहे, आणि त्यात सहा ऑस्कर मासे सोडावेत असे सुचविले आहे. त्याच महिन्यात दोन पालक वेगवेगळ्या दिवशी कार्यालयात येऊन गेले. दोघांच्याही घरी एकेक ऑस्कर आहे, दोघांच्याही घरी तो आता टाकीत मावत नाही, आणि दोघांचा प्रश्न एकच, "बाई, शाळेच्या विहिरीत सोडला तर चालतो का?"

म्हणजे एका दारातून मासे आत यायचे आहेत आणि दुसऱ्या दारातून मोठे झालेले मासे विहिरीकडे निघाले आहेत. बैठकीत जे बोलायचे ते आधी सर्वांसमोर मांडलेले बरे, म्हणून हा लेख. माझे मत थोडक्यात असे. मोठ्या जातीचा मासा घरी पाळायला माझा विरोध नाही. मात्र पिल्लू घेताना पूर्ण वाढलेल्या माशाचा हिशेब घराने आधी करावा. आणि तो झेपला नाही म्हणून मासा विहिरीत, तळ्यात किंवा मांजरेत सोडू नये. शाळेच्या टाकीत सहा पिल्ले आणायला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ. दुकानात मिळणारा ऑस्कर बोटाएवढा असतो. काळ्या अंगावर पांढऱ्या-नारिंगी नागमोडी रेघा, मोठे डोळे आणि काचेपलीकडून आपल्याकडे टक लावून पाहण्याची सवय. लेकरांना तो पाहताक्षणी आवडतो. हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. ब्राझील, पेरू, कोलंबिया, इक्वेडोर या देशांतल्या संथ पाण्यात तो राहतो आणि तिथले लोक तो आपल्याकडच्या मरळीसारखा खातात. आपल्या दुकानांतला ऑस्कर काही ॲमेझॉनहून येत नाही. चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास शोभेचे मासे वाढविण्याचा मोठा धंदा आहे. असल्या ठिकाणांहून प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून तो रेल्वेने, बसने फिरत फिरत आपल्याकडे पोहोचतो.

ज्या कुळातला तो आहे त्याला शास्त्रात सिक्लिड म्हणतात. एंजल, डिस्कस, ऑस्कर, पीकॉक बास हे सारे त्याच घराण्याचे दक्षिण अमेरिकन सदस्य. जर्मन प्रवासी स्पिक्स यांनी १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमधून मासे गोळा करून नेले. त्यांच्या निधनानंतर ते काम लुई अगासी या तरुण शास्त्रज्ञाकडे आले आणि १८३१ साली त्यांनी ऑस्करचे वर्णन प्रसिद्ध केले. गंमत अशी की इतक्या मोठ्या पंडिताने त्याला समुद्रातला मासा समजून भलत्याच गटात टाकले होते! समुद्रापासून शेकडो कोस दूर नदीत राहणाऱ्या माशाची ही पहिली सरकारी नोंद.

हा मासा वाढतो किती, हे दुकानदार आपणहून सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. चांगले खाणे मिळाले तर लहानपणी तो महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतो. वर्षाच्या आत तळहाताहून मोठा होतो. टाकीत तो साधारण एक फुटापर्यंत जातो. नदीत पंचेचाळीस सेंटीमीटर आणि दीड किलोपर्यंतच्या नोंदी आहेत. रंगही बदलतो. लहानपणच्या त्या सुंदर रेघा जातात आणि पोक्त, जाडजूड, डागाळलेला मासा समोर उभा राहतो. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे सहज जगतो. चौथीतल्या मुलाने हट्ट करून आणलेला ऑस्कर तो मुलगा पदवीधर होईपर्यंत घरात असू शकतो. मुलगा तोवर कलबुर्गीला नाहीतर पुण्याला शिकायला गेलेला असतो आणि मासा आईच्या गळ्यात पडलेला असतो.

"मासा टाकीच्या मापाने वाढतो, लहान टाकीत लहानच राहतो," असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. हे खरे नाही. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते, पाणी लवकर नासते, डोक्यावर खड्डे पडतात आणि तो आयुष्याच्या निम्म्या वाटेवरच मरतो. आखूड चपला घातल्या म्हणून मुलाचा पाय लहान राहत नाही, तो वाकडा होतो; तसेच हे.

पण या माशाचे कौतुकही करायला हवे, नाहीतर लोक त्याच्या नादी का लागतात हेच कळणार नाही. ऑस्कर रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला ओळखतो. परका माणूस आला तर कोपऱ्यात जातो, घरचा आला की काचेपाशी येतो. टाकीतली मांडणी त्याला पसंत नसेल तर खडे तोंडात धरून इकडून तिकडे नेतो, प्लॅस्टिकची झाडे उपटून टाकतो. पाणी बदलल्यावर कधीकधी रुसून आडवा पडून राहतो. नवीन पालक घाबरून फोन करतात आणि मासा संध्याकाळी पुन्हा उभा राहिलेला असतो. सिक्लिड माशांच्या घशात दातांचा दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरायचे आणि घशातल्या जबड्याने चिरडायचे. शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला काळा ठिपका असतो, तो डोळ्यासारखा दिसतो. पिरान्हासारख्या पर कुरतडणाऱ्या माशांनी फसावे म्हणून तो असावा, असे अभ्यासक मानतात. नर-मादी दोघे मिळून अंडी राखतात, पंखांनी वारा घालतात, जवळ येणाऱ्याच्या अंगावर धावून जातात. त्यांच्याच कुळातला डिस्कस तर आपल्या अंगावरच्या चिकट स्रावावर पिल्लांना पोसतो. माशांमध्ये वात्सल्य नसते असे ज्यांना वाटते त्यांनी हे एकदा पाहावे.

तेव्हा हा मासा पाळणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. फक्त त्याने गणित करावे, आणि आठवीच्या मुलांनी ते वहीत करून पाहावे.

एका पूर्ण वाढलेल्या ऑस्करला फिरायला वळायला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी ही अगदी कमीतकमी. तिचे घनफळ नऊ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटर पाणी. आपल्या हितचिंतकांनी देऊ केलेली टाकी याच मापाची आहे. म्हणजे ती एका माशाची टाकी आहे. जोडी ठेवायची तर चार बाय दोन बाय दोन हवी. ती सुमारे ४५० लिटर धरते आणि काच, खडे, स्टँड मिळून वजन पाच क्विंटलच्या वर जाते. पाच क्विंटल तूर दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात, टेबलावर रचल्यासारखे ते झाले. वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्यांनी आधी घर बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारावे. सहा ऑस्करांना टाकी नव्हे, खोली लागेल.

पाण्याचे म्हणाल तर मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीपासून अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू तुम्ही पुस्तकात वाचले आहेत, हे त्यांचेच दूरचे भाईबंद. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. लोक मात्र सकाळी टाकी आणतात, दुपारी मासे सोडतात आणि आठवड्याने "मासे टिकत नाहीत हो" म्हणतात. नायट्रेट साचू नये म्हणून दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे लागते. मोठ्या टाकीला आठवड्याला सुमारे शंभर लिटर, वर्षाला पाच हजार दोनशे लिटर. म्हणजे एक लहान टँकर.

एक टँकर! हा आकडा ॲमेझॉनच्या काठी बसून काहीच नाही. आपण मांजरेच्या काठी बसलो आहोत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि त्यात पाच लाख लिटर पाणी होते. लातूर आपल्यापासून किती दूर आहे ते इथे कोणाला सांगायला नको; आपल्या कितीतरी सुना-लेकी तिकडच्या आहेत. आपल्या पूर्वजांनी बीदरजवळ नौबादला जमिनीखालून मैलभराहून लांब सुरंग बावी खोदून पाणी आणले, ते हौसेने नव्हे. तरी न्यायाने बोलायचे तर टाकीतून काढलेले पाणी वाया जात नाही. त्यात नत्र असते, ते कढीपत्त्याला, लिंबाला, परसातल्या भाजीला घातले तर खताचे काम करते. जे घर असे करते त्याने पाण्याची चोरी केली असे मी म्हणणार नाही. जे घर ते गटारात ओतते त्याला मार्च महिन्यात एकदा टँकरच्या रांगेत उभे करावे.

विजेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. पंचवीस वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला अठरा युनिट. अडचण बिलाची नाही, लाईट जाण्याची आहे. पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि पाणी गरम असेल तर आणखी लवकर उतरतो. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो तेव्हा कल्ल्यांना 'गलफड़े' म्हणत असू. शब्द कोणताही असो, ते उन्हाळ्यात वरखाली जोरात हलू लागले आणि मासा पृष्ठभागाशी तोंड उघडू लागला की समजावे, त्याचा श्वास कोंडला आहे. अशा वेळी तांब्याने टाकीतलेच पाणी काढून वरून धार धरून परत ओतत राहावे, किंवा सेलवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलट; पाणी तेरा अंशांच्या खाली गेले तर हा मासा जगत नाही, म्हणून हीटर लागतो. पाळणाऱ्याला दोन्ही ऋतूंत पहारा आहे.

आता शाळेचे पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा दीड महिना बंद. दिवाळीची सुट्टी वेगळी. त्या दिवसांत टाकीपाशी कोण येणार? शिपाई मामा. शिपाई मामांच्या नेमणुकीच्या पत्रात मासे लिहिलेले नाहीत. ज्या कामाची जबाबदारी कोणाच्या नावावर नसते ते काम आपल्याकडे शिपायाच्या नावावर जाते, आणि मासे मेले तर बोलही त्यालाच. हे मला मान्य नाही.

खाण्याविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण आपल्या गावात शाकाहारी घरे पुष्कळ. ऑस्कर शाकाहारी नाही. त्याच्या दाण्यांतसुद्धा सुक्या माशांची भुकटी असते. एका माळकरी घरात सासूबाईंनी तो डबा स्वयंपाकघराच्या कपाटातून उचलून थेट गोठ्यात नेऊन ठेवला, आणि मला वाटते त्यांचे बरोबर होते. शेणखताच्या खड्ड्यातली गांडुळे त्याला आवडतात आणि ती फुकट मिळतात. पण काही मुले मित्रांना जमवून जिवंत गोल्डफिश टाकतात आणि तमाशा पाहतात. हे बंद झाले पाहिजे. त्यातून रोग येतात, ऑस्करला ते पोषकही नाही, आणि दहा रुपयांत जीव विकत घेऊन टाळ्या पिटणे ही काही विज्ञानाची आवड नव्हे.

दुसरा एक प्रकार नशिबाचा. डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न घरात ठेवला की धंद्याला बरकत येते, अमुक दिशेला टाकी ठेवली की वास्तुदोष जातो, असे सांगून तो महाग विकला जातो. फ्लॉवरहॉर्न हा देवाने पाठविलेला मासाच नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड जातींचा संकर करून १९९० च्या दशकात मलेशिया-तैवानकडच्या लोकांनी तो घडविला. त्याचा भाऊ 'पॅरट' याचे तोंड तर संकरामुळे नीट मिटतही नाही. त्याच्या टेंगळात कोणाचे भाग्य साठलेले असेल तर ते विकणाऱ्याचे. श्रद्धा कोणाची दुखवायची नाही, पण मुलांसमोर हे स्पष्ट बोलणे माझे काम आहे.

आता विहिरीकडे वळते, कारण मला खरी काळजी तिथली आहे.

दोन्ही पालकांचा हेतू चांगलाच आहे. मारवत नाही, ठेववत नाही, मग मोकळ्या पाण्यात सोडून द्यावा, त्यालाही सुख. "एका माशाने काय होणार आहे बाई? जोडीच नाही तर पिल्ले कुठून?" हा त्यांचा युक्तिवाद. पण दोन पालकांचे दोन मासे एकाच विहिरीत गेले असते, हे त्या दोघांनाही माहीत नव्हते. ऑस्करमध्ये नर कोणता, मादी कोणती, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. जोडी जमली तर एका वेळी हजार ते तीन हजार अंडी. शिवाय त्या विहिरीत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी मासे आहेत. ऑस्करने ते पहिल्याच महिन्यात संपविले असते, आणि मग आपण डासांसाठी पुन्हा आरोग्य खात्याला अर्ज करत बसलो असतो. (गप्पीही दक्षिण अमेरिकेकडचाच, हे कोणी मला सांगण्याआधी मीच सांगते. तो डासांसाठी म्हणून जाणूनबुजून आणला गेला. त्याच्याही बऱ्या-वाईटावर आज चर्चा होते. एक परदेशी सोडला म्हणून दुसरा सोडायला परवानगी मिळत नाही.)

पनामा देशात गातून नावाचा मोठा तलाव आहे, पनामा कालव्यासाठी बांधलेला. १९६० च्या दशकात तिथल्या एका तळ्यात गळाने मासेमारी करण्याच्या हौसेसाठी ॲमेझॉनकडचा पीकॉक बास आणून सोडला होता. हा ऑस्करचाच मोठा चुलतभाऊ, त्याच सिक्लिड कुळातला. त्यातले काही १९६७ च्या सुमारास निसटून तलावाकडे आले. पुढे झारेट आणि पेन या दोन शास्त्रज्ञांनी तलावाचा अभ्यास केला आणि १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. पूर्वी तिथे सर्रास आढळणाऱ्या आठ जातींपैकी सहा जाती जिथे हा मासा पोहोचला तिथून नाहीशा झाल्या होत्या. त्यांत डासांच्या अळ्या खाणारे लहान मासेही होते, म्हणून मलेरियाची चिंता वाढली. पाण्यावर सूर मारून मासे टिपणारे पक्षीही कमी झाले. बरे, काळाने सगळे सुधारते म्हणावे, तर पंचेचाळीस वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी पुन्हा पाहिले तेव्हाही तलाव पूर्वपदावर आलेला नव्हता. आणि हे सगळे कोणा शत्रूने केले नव्हते. हौशी माणसांनी केले होते.

पनामा दूर वाटत असेल तर जवळचे पाहू. ज्याला उजनीच्या काठी 'चिलापी' म्हणतात तो तिलापिया मासा हाही सिक्लिडच, पण आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली आणला गेला. गरिबाला स्वस्त मासा मिळावा हा उद्देश उत्तम होता. मादी अंडी तोंडात धरून राखते, त्यामुळे पिल्ले वाचतात आणि संख्या वाढत जाते. आज भिगवणच्या खाणावळींत चिलापी हौसेने खाल्ली जाते आणि कित्येक कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते, हे नाकारून चालणार नाही. पण ती वाढली तसे भीमेचे जुने मासे मागे पडले, असे तिथले भोई बांधव सांगतात. जाळ्यात आलेले त्यांना नाकारता येत नाही. जे गेले ते मात्र कोणी आणून देत नाही.

केरळात ऑगस्ट २०१८ च्या महापुरात लोकांनी तळ्यांत पाळलेले अरापायमा आणि ॲलिगेटर गार हे प्रचंड परदेशी मासे वाहून नद्यांत गेले आणि पुढे जाळ्यांत सापडू लागले. टाकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा काटेरी 'सकर' मासा, तोही दक्षिण अमेरिकेतला, आंध्र-तेलंगणातल्या तलावांत पसरला आहे. तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नाही. थाई मांगूर या आफ्रिकन माशावर तर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली, आणि तरी तो अधूनमधून कुठल्या ना कुठल्या शेततळ्यात सापडतोच. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन परदेशी आक्रमक जातींवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. कायदा आपल्या गावच्या ओढ्यावर पहारा ठेवायला येणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल.

नकाशा काढून पाहा. आपल्या भागातले बहुतेक ओढे-नाले शेवटी मांजरेला मिळतात. मांजरा बीड जिल्ह्यातल्या डोंगरातून निघते, लातूरहून आपल्या बीदर जिल्ह्यात येते, पुढे तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर भरते आणि गोदावरीला मिळते. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेला पूर आला तेव्हा किती शेततळी, विहिरी आणि ओढे एक झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी विहिरीतला मासा विहिरीतला राहत नाही. मांजरेत मरळ आहे, वांब आहे, शिंगटा आहे, आणि ओढ्यात बोटभर लांबीचे कितीतरी मासे आहेत, ज्यांना आपली मुले वाडीवाडीला निरनिराळ्या नावांनी हाक मारतात. मराठीत एक नाव, कन्नडात दुसरे, दखनीत तिसरे. ज्यांची नावेच अजून कोणी नीट लिहून ठेवलेली नाहीत ते जाण्याआधी निदान लिहिले तरी जावेत.

आणि सिक्लिडच पाहायचा असेल तर तो आपल्या देशातही आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. भारतात सिक्लिडच्या तीनच जाती मूळच्या. त्यातली एक गोव्या-मालवणाकडची कालुंदर, जिला केरळात करीमीन म्हणतात आणि जिला केरळ सरकारने २०१० साली राज्याचा मासा ठरविले. दुसरी लहानशी नारिंगी. तिसरी दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या नद्यांत राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिच्या शास्त्रीय नावातच 'कॅनरा' आहे. आपल्याच राज्यातला मासा, आणि आपल्या शाळेच्या एकाही भिंतीवर त्याचे चित्र नाही. चित्रकलेच्या सरांना मी ते काम दिले आहे.

आता बैठकीत मी काय सुचविणार ते लिहिते. हितचिंतकांची टाकी शाळेने आनंदाने आणि सन्मानाने स्वीकारावी; देणाऱ्याच्या मनात मुलांविषयी प्रेम आहे, ते मासे मोजून कमी-जास्त होत नाही. सहा पिल्ले मात्र घेऊ नयेत. त्या टाकीत दोन पालकांपैकी एकाचा, आधीच मोठा झालेला, ऑस्कर ठेवावा. नवीन जीव विकत घेण्यापेक्षा गावात असलेल्याला जागा देणे मला अधिक योग्य वाटते. पंपाची तार कार्यालयाच्या इन्व्हर्टरला जोडावी, त्याचा खर्च अंदाजपत्रकात दाखवावा. तापमान, पाणी बदलल्याची तारीख आणि खाणे यांची वही आठवीच्या वर्गाने ठेवावी आणि विज्ञानाच्या सरांनी दर शनिवारी तिच्यावर सही करावी. काढलेले पाणी मैदानाकडेच्या कडुनिंबांना जावे. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत शिपाई मामांना या कामाचे वेगळे मानधन मिळावे, आणि ते ठरावात लिहिले जावे. हे मंजूर होणार नसेल तर टाकी रिकामी ठेवून तिच्यात पुस्तके लावावीत, माझी तक्रार नाही.

काही विश्वस्त म्हणतील, एका माशासाठी एवढी मोठी टाकी, पाहुण्यांना काय दिसणार? मी त्यांना विनंती करते की त्यांनी एखाद्या ऑस्करसमोर दहा मिनिटे बसावे. तो एकटा पुरेसा आहे.

पालकांसाठी एवढेच की, यापुढे दुकानात पिल्लू घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा केवढा होईल? आणि मोठा झाल्यावर तुम्ही परत घ्याल का? दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार चाचरला तर लहान जातीचा मासा घ्या. बाजारात पुष्कळ आहेत, आणि दोन फुटांच्या टाकीत ते सुखाने राहतात. ज्यांच्या घरी मासा आधीच मोठा झाला आहे त्यांनी लाजू नये, शाळेला कळवावे. गावात कोणाकडे मोठी टाकी आहे याची एक यादी आम्ही कार्यालयात करत आहोत.

त्या यादीत आजवर तीन नावे आली आहेत, पण तिन्ही टाक्या भरलेल्या आहेत. दोन पालकांपैकी दुसऱ्यांचा ऑस्कर अजून अडीच फुटांच्या टाकीत आहे, अकरा इंचांचा, तोंड वळवायला त्याला शेपूट काचेला लावावी लागते. ज्यांच्याकडे चार फुटी टाकी रिकामी पडून असेल त्यांनी मधल्या सुट्टीत कार्यालयात येऊन भेटावे.

आपली,
मुख्याध्यापिका